शहर बुडतंय, गावाला निघू का?

या वेळी एकाच विषयाची इतकी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत. शहर खालावतंय, जगाचं काही खरं नाही, सगळं आवरून गावाकडं निघावं का, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. पाच पत्रं घेतलीत, लांबलेली थोडी कापलीत, भाषा तुमचीच आहे.

प्रश्न : नमस्कार ताई. वय ४१, नोकरी बरी चाललीय. पण आमचं शहर डोळ्यांदेखत खाली चाललंय. कारखाने गेले, निम्म्या दुकानांची शटर पडलेली, पाणी एक दिवसाआड, लाइट कधी जाईल नेम नाही, पालिकेच्या तिजोरीत खडखडाट. त्यात युद्धं, हवामान, एआय, बँका, काय काय ऐकायचं. मला तर वाटतंय दहा वर्षांत सगळी सिस्टीमच कोसळणार. फ्लॅट विकून तीन एकर जमीन घ्यायची, बोअर, सोलर, दोन गाई, घरचं धान्य, असा प्लॅन आहे. बायको म्हणते वेड लागलंय. पण लोक अडकतील तेव्हा आपण आधीच बाहेर पडलेलो असू, यात चूक काय? — बॅग भरून बसलेला

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या भीती एकमेकींत गुंतल्यात, त्या आधी सुट्या करू. एक म्हणजे तुमचं शहर खालावतंय. दुसरी म्हणजे सगळं जगच कोसळणार. आणि दोन्हीवर तुमच्याकडं तोडगा एकच, तीन एकर.

शहर खालावणं हे मनाचे खेळ नाहीत, खरंच होतं. अमेरिकेतलं डेट्रॉइट घ्या. १९५० ला तिथं साडेअठरा लाख माणसं होती, २०२० च्या जनगणनेत उरली ६ लाख ३९ हजार. २०१३ ला शहरानं चक्क दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा रस्त्यावरचे शंभरातले चाळीसेक दिवे बंद होते. तुम्ही लिहिलंय ते सगळं तिथं होऊन गेलंय. पण हे व्हायला साठ-सत्तर वर्षं लागली, एका रात्रीत कुणी अडकलं नाही, आणि तिथून निघालेली बहुतेक माणसं आजूबाजूच्या उपनगरांत नाहीतर दुसऱ्या शहरांत गेली, नांगर धरायला गेलेली फार थोडी. जर्मनीतलं लाइपझिग १९८९ नंतर असंच ओस पडत गेलं, दहा वर्षांत जवळजवळ लाखभर माणसं कमी झाली, इमारतीच्या इमारती रिकाम्या, आणि आज तिथली लोकसंख्या सहा लाखांवर आहे. म्हणजे शहर खालावतंय एवढंच दुखणं असेल तर बदली घ्या, दुसरं बरं शहर बघा, नाहीतर एखादं मध्यम, तालुक्याएवढं गाव बघा. त्यासाठी गाई पाळायची गरज नाही.

आता दुसरी भीती. सिस्टीम कोसळली की शहर मरतं आणि गाव तगतं, हे सगळे इतक्या खात्रीनं बोलतात की कुणी तपासायच्या भानगडीतच पडत नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं गेली, ती मुख्यतः खेड्यातली. कलकत्त्यातल्या कारखान्यांच्या आणि सरकारी माणसांच्या धान्याची सोय लावली गेली, आणि खेड्यातली माणसं शहरात येऊन दारोदार भाताची पेज मागत फूटपाथवर मेली. त्यातही गेले ते जास्त करून मजूर, कोळी, कारागीर. ज्याची स्वतःची जमीन होती आणि कणगीत धान्य होतं तो बराचसा तगला. इथं तुम्ही म्हणाल, बघा, मी हेच तर म्हणतोय! जरा थांबा. १९३२-३३ ला युक्रेनमध्ये ज्याच्या कणगीत धान्य होतं त्याच्याच दारात आधी सोव्हिएत सरकारची माणसं आली, होतं नव्हतं ते उचलून नेलं, शहरातल्या कामगाराला रेशन होतं पण शेतकऱ्याला नव्हतं, आणि गाव सोडून शहरात जायलाही अडवलं गेलं. बाजार मोडला तर धान्यवाला वाचतो, पण सत्ता शाबूत असली आणि तिलाच धान्य हवं असलं तर तोच पहिला सापडतो.

इतकं लांब आणि भयंकर कशाला, २०१८ चं दक्षिण आफ्रिकेतलं केपटाउन बघा. धरणं आटली, नळ बंद करायची तारीख जवळ आली, माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा लावली. शेवटी शहर वाचलं. पण त्या वर्षी शहरांच्या पाण्यात ४५ टक्के कपात होती तेव्हा शेतीच्या पाण्यात ६० टक्के होती. कात्री आधी कुठं लागते ते यावरून कळतं. जिथं मतं, पैसा आणि कॅमेरे कमी तिथं.

तुमच्या बाजूनंही एक उदाहरण देते, नाहीतर म्हणाल ताईंनी सोयीचं तेवढंच काढलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडच्या पश्चिमेकडच्या शहरांत अन्नच पोचेना, वीसेक हजार माणसं उपासमारीनं गेली, आणि शहरातली माणसं सायकली घेऊन, चादरी नि दागिने बांधून शेतकऱ्यांच्या दारात बटाटे मागायला जात होती. तिथं गाव नक्कीच वरचढ ठरलं. वाहतूक तुटली की शहर उपाशी, सत्तेनं ओरबाडलं की गाव उपाशी. यातलं आपल्या वाट्याला काय येणार हे आधी कुणालाच सांगता येत नाही, आणि जो व्हिडिओवाला छातीठोकपणे सांगतो तो बहुधा खाली काहीतरी विकत असतो.

मला खरी काळजी तुमच्या तीन एकरांची वाटते. हिशेब मांडू. मोठ्या माणसाला दिवसाला दोन-सव्वादोन हजार कॅलरी लागतात, अंगमेहनत असेल तर जास्तच, आणि धान्याच्या एका किलोत साधारण साडेतीन हजार असतात. म्हणजे मुख्यतः धान्यावर जगायचं तर माणशी वर्षाला सव्वादोनशे-अडीचशे किलो, चौघांचं टनभर. तीन एकरांत टनभर धान्य पिकतं की, न पिकायला काय झालं, पण पाणी, खत आणि बियाणं वेळेवर मिळालं तर, आणि हे तिन्ही त्याच सिस्टीमकडून येतं जिच्यापासून तुम्ही पळताय. हायब्रीडचं धान्य पुढच्या वर्षी पेरलं की पीक एकसारखं येत नाही, बियाणं परत विकतच आणावं लागतं. खताचं म्हणाल तर श्रीलंकेत २०२१ ला रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली, भाताचं उत्पादन धडाधड खाली आलं, काही महिन्यांत बंदी मागं घ्यायची वेळ आली. तिथले शेतकरी तुमच्या-माझ्यासारखे नवशिके नव्हते, पिढ्यान्‌पिढ्या भात करणारे होते. (आणि नवशिक्यांचं काय सांगू, ते आधी टोमॅटो लावतात, फोटो झकास येतात, पण टोमॅटोच्या किलोत दोनशे कॅलरीसुद्धा नसतात.)

आता पाणी. एका एकराला एक इंच पाणी द्यायचं तर लाखभर लिटर लागतं. ते पन्नास मीटर खोलीवरून वर आणायला, वाटेत काहीच वाया जात नाही असं धरलं तरी साडेतेरा युनिट वीज लागते, आणि वाया तर जातंच, म्हणून वीस-पंचवीस धरा. वीज नाही आणि हातानंच ओढायचं ठरवलं तर धडधाकट माणसाला हजार लिटरला जवळजवळ दोन तास लागतात. म्हणजे एका एकराच्या एका पाळीला पावणेदोनशे ते दोनशे तास! सोलर लावीन म्हणाल, लावाच, चांगलंच आहे ते, पण सोलरची मोटरही जळते, कंट्रोलरही जातो, बोअरचं पाणी खाली गेलं की पाइप वाढवावे लागतात, आणि दुरुस्त करणारा माणूस शहरातून येतो नि त्याचा पार्ट समुद्रापलीकडून. ज्या दिवशी शहर बंद त्या दिवशी तुमचा बोअरही फार दिवस चालू राहत नाही.

मग काय, जाऊच नका? असं नाही म्हणत. सोव्हिएत रशिया १९९१ ला मोडला तेव्हा तिथल्या शहरी माणसांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. फ्लॅट सोडले नाहीत, नोकऱ्याही सोडल्या नाहीत, जरी पगार महिनोन्‌महिने मिळत नव्हते. पण शहराबाहेर त्यांचे जमिनीचे छोटे तुकडे आधीपासून होते, डाचा म्हणतात त्याला, तिथं सुट्टीच्या दिवशी जाऊन बटाटे लावले, आणि त्या दशकात देशातला बहुतेक बटाटा अशा घरगुती तुकड्यांवरच निघत होता. ते तगले कारण दोन्हीकडं पाय होता. तुम्ही तर एक पाय कापून दुसऱ्यावर उभं राहायचं म्हणताय.

म्हणून फ्लॅट विकू नका, भाड्यानं द्या. ज्या भागात जमीन घ्यायचीय तिथं आधी घर भाड्यानं घेऊन वर्षभर राहा, आणि तिथला सगळ्यात वाईट ऋतू त्यात आलाच पाहिजे, मग तो पावसाचा असो नाहीतर पाणीटंचाईचा. कुणाचं तरी अर्धा एकर वाट्यानं करा. जमीन बघताना आधी रस्ता आणि पाणी बघा, वहिवाट कागदावर आहे का ते बघा, दवाखाना किती लांब ते गाडीनं स्वतः जाऊन बघा. काही ठिकाणी तर आधीच शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन घेताच येत नाही, तेव्हा वकिलाला विचारा, एजंटाला नाही. आणि एक प्रश्न स्वतःला विचारा, पुढची तीस वर्षं काहीही कोसळलं नाही तर हे आयुष्य मला आवडेल का? उत्तर हो असेल तर खुशाल जा, आणि मला पत्र लिहा.

प्रश्न : ताई, माझा प्रश्न उलटा आहे. मला जायचंच नाही. मिस्टर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जगबुडीचे व्हिडिओ बघतात, न विचारता जनरेटर घेतला, आता जमीन बघतायत. मुलगी तेरा वर्षांची, माझी नोकरी इथं. विषय काढला की म्हणतात तुला गांभीर्यच नाही. रोज भांडण. काय करू? — वैतागलेली

उत्तर : (वरचं पत्र तुमच्या घरातलं तर नाही ना? गंमत केली हो, पत्ते वेगळे आहेत.)

जग कोसळणार की नाही यावर त्यांच्याशी वाद घालू नका. तो वाद तुम्ही कधीच जिंकणार नाही, कारण रोज एक नवीन व्हिडिओ येतो. १९९९ ला आठवतंय का, साल २००० लागलं की कॉम्प्युटर तारखा चुकणार आणि बँका, विमानं, वीज सगळं बंद पडणार म्हणून जगभर लोकांनी धान्य नि जनरेटर भरून ठेवले होते. काही झालं नाही, त्यात इंजिनियर लोकांनी आधी खपून प्रोग्राम दुरुस्त केले होते हाही भाग होता. पण ज्यांनी साठे केले त्यांच्यातले कितीतरी पुढच्या तारखेकडं बघायला लागले. तारीख बदलते, भीती तीच राहते.

त्यापेक्षा विषय जमिनीवर आणा. म्हणा, ठीक आहे, जायचं. आता सहाव्या महिन्यातला एक साधा मंगळवार लिहून काढा. पहाटे गोठ्यात कोण जाणार, मुलगी शाळेत कशानं जाणार, माझ्या पगाराच्या जागी काय येणार, तुम्हाला ताप आला तर पाणी कोण देणार (पिकाला म्हणतेय मी), आणि घरातलं काम आज कुणाच्या अंगावर आहे नि तिथं कुणाच्या अंगावर जाईल. शेवटच्या प्रश्नावर अजिबात माघार घेऊ नका. स्वयंपूर्ण व्हायच्या स्वप्नात बाईच्या वाट्याला जास्तीचे चार तास येतात, आणि ते स्वप्न बघणाऱ्याच्या हिशेबात धरलेलेच नसतात.

आणि हळूच विचारून बघा की ऑफिसात काही चाललंय का. पुष्कळदा माणसाला स्वतःची नोकरी जाईल ही भीती बोलता येत नाही, जग बुडेल ही बोलता येते. झोपच येत नसेल, छातीत धडधड होत असेल, तर डॉक्टरांकडं न्याच, त्यात कमीपणा नाही. जमिनीचा व्यवहार झालाच तर कागदावर तुमचंही नाव हवं, आणि तुमच्या सहीशिवाय फ्लॅट विकला जाणार नाही एवढं बघून ठेवा.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको तीन वर्षांपूर्वी शहर सोडून आलो. काम अंगवळणी पडलंय, पण गाव आम्हाला आपलं मानत नाही. कुणी घरी येत नाही. सुरक्षिततेसाठी जमिनीला चारही बाजूंनी तारेचं कंपाउंड घातलं तेव्हापासून तर जास्तच. आम्ही सेंद्रिय शेतीवर दोनदा मोफत माहिती द्यायचा प्रयत्न केला, चार माणसं आली. काय चुकतंय? — उपरे

उत्तर : तुम्ही तार ओढलीत तिथून आधी पायवाट जात होती का? मला जवळजवळ खात्री आहे की जात असणार. पडीक जमिनीतून गुरं जातात, बायका सरपणाला जातात, पोरं शाळेला मधून जातात, कागदावर त्यातलं काही नसतं आणि वीस वर्षं कुणी विचारलेलं नसतं. तुमच्या मते तुम्ही तुमची हद्द आखली, त्यांच्या मते तुम्ही त्यांचा रस्ता बंद केलात आणि रोज लांबून वळसा घालायला लावला. आधी ते बघा. त्या जागी एक फाटक ठेवा, त्याला कुलूप नको, नुसती कडी, गुरं आत शिरू नयेत एवढ्यापुरती. आणि ते फाटक कुठं हवं हे शेजाऱ्याला विचारून ठेवा.

माहिती देणं बंद करा, निदान पाच वर्षं. ज्यांच्या आज्यानं ती जमीन कसली त्यांना तीन वर्षांच्या अनुभवावर शेती शिकवायला गेलं की लोक हसतात, तोंडावर नाही, घरी जाऊन. त्याऐवजी विचारा. बियाणं मागा, औत मागा, कुठल्या वाऱ्याला पाऊस येतो ते विचारा. शहरातल्या माणसाला मदत करणं सोपं जातं पण मागणं जड जातं, कारण कुणाचं ओझं नको असतं. गावात ओझं लागतं, देणंघेणं फिटून गेलं की संबंधच संपतो. मजुरी ठरली त्या दिवशी द्या, एक दिवस उशीर नको. लग्नापेक्षा मयतीला आधी जा. भावकीच्या भांडणात कुठलीच बाजू घेऊ नका, कितीही स्पष्ट दिसत असली तरी.

सुरक्षिततेसाठी कंपाउंड म्हणालात म्हणून सांगते. रात्री साप चावला तर दवाखान्यात न्यायला गाडी कोण काढणार, ही तिथली सुरक्षितता. ती तारेनं येत नाही, उलट तार बघून माणूस विचार करतो की हाक मारावी की नको.

प्रश्न : मी जन्मापासून गावातच आहे, वय ६३. वाचतो की शहरातली माणसं जग बुडायच्या भीतीनं गावाकडं येतायत. आमची शाळा पट नाही म्हणून बंद झाली, एसटी एकच उरली, डॉक्टर आठवड्यातून एकदा. पोरं शहरात गेली. यांना गाव वाचवणार म्हणे. गावाला कोण वाचवणार? — एक शेतकरी

उत्तर : काका, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही, आणि तो तसाच छापतेय कारण पहिल्या पत्रातल्या दादांनी तो वाचायलाच हवा. कोसळणं म्हणजे एके दिवशी धाडकन होणारी गोष्ट असं शहरातल्यांना वाटतं. तुमच्याकडं ती तीस वर्षं चाललीय, एक-एक वर्ग, एक-एक गाडी कमी होत. हे एका देशाचंही नाही, जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत नव्वद लाख घरं रिकामी निघाली, खेड्यात तर घर जवळजवळ फुकट देतात तरी घेणारं मिळत नाही, कारण घर आहे पण शेजार नाही, दुकान नाही, दवाखाना नाही.

येणाऱ्यांना मात्र एक सांगेन. येताय तर पोरांना तिथल्याच शाळेत घाला आणि तिथल्याच गाडीनं फिरा. आपली कार, ऑनलाइन शाळा आणि शहरातला डॉक्टर घेऊन आलात तर गावात एक घर वाढतं, पण शाळेचा पट वाढत नाही.

प्रश्न : मला कुठंही जायचं नाही, ते जमणारही नाही. चौथ्या मजल्यावर भाड्यानं राहते. पण भीती वाटते हे खरं. निदान घरात काय असावं? — चौथा मजला

उत्तर : पाणी माणशी दिवसाला चार लिटर, प्यायला आणि स्वयंपाकाला, निदान आठवड्याचं. चौथ्या मजल्यावर मोटर बंद म्हणजे पाणी बंद, म्हणून हे आधी. रोजच्या औषधांचा एक महिना जास्तीचा. न शिजवता खाता येईल असं थोडं, आणि जे तुम्ही एरवी खाता तेच, वेगळं काही आणलं की ते तसंच पडून खराब होतं. टॉर्च, रेडिओ, सुटे पैसे, महत्त्वाच्या कागदांच्या झेरॉक्स, आणि चार फोन नंबर कागदावर लिहिलेले. डोक्यावर कर्ज असेल तर साठ्यापेक्षा आधी ते कमी करा, कारण जग बुडण्याआधी पगार बुडण्याची शक्यता फार जास्त आहे.

आणि बिल्डिंगमध्ये एकटं कोण राहतं याची यादी करा. १९९५ च्या जुलैत शिकागोत उष्णतेची लाट आली तेव्हा सातशेच्या वर माणसं गेली, त्यात एकटी राहणारी म्हातारी माणसं फार, दारं-खिडक्या बंद करून बसलेली. लाइट गेली की कुणाचं दार कुणी वाजवायचं हे आत्ताच वाटून घ्या, आणि तुमचं दार कोण वाजवणार तेही.